ट्यूब गेली, असं म्हणण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, की प्रत्येक तुकडीतल्या एकाने आपल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. आमच्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक जण तर परदेशातून खास आलाय. तरी माझं नाव पुढे केलं. कारण विचारलं तर म्हणाले, तू नक्की काय करतोस ते आम्हाला कोणालाच कळत नाही, एकदा सांगून टाक.

तर सांगतो. बंद पडलेले लेझर मी चालू करतो. साकीनाका, मरोळ, असल्फा, मुलुंडचा शास्त्री मार्ग, बोरिवली-दहिसरकडची इंडस्ट्रियल इस्टेट, या सगळ्या पट्ट्यात गाळ्या-गाळ्यांतून ॲक्रिलिक, प्लायवूड, एमडीएफ, चामडं कापणारी लेझर यंत्रं बसलेली आहेत. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, ट्रॉफ्या, दारावरची नावं, गणपतीची मखरं यातलं बरंच काही त्यांच्यावर होतं. ही यंत्रं बंद पडली की मला फोन येतो आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "साहेब, ट्यूब गेली."

माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा ट्यूब गेलेली नसते. पण ती गेली असं एकदा मनात बसलं की माणूस नवी ट्यूब मागवतो, वीस-पंचवीस हजारांपासून पुढे पैसे मोजतो, ती बसवतो, आणि यंत्र तरीही ढिम्म. कारण बिघाड होता दुसरीकडेच. लहान गाळेवाल्याचं त्यात अख्ख्या हंगामाचं गणित बसतं. म्हणून आज या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे. हे वाक्य शेवटी म्हणायचं असतं, आधी नाही.

आता थोडं विज्ञान. ज्यांना दहावीतच या विषयाशी घटस्फोट घ्यावासा वाटत होता त्यांच्यासाठी सांगतो, चहा बाहेर तयार आहे.

या यंत्रांमधला लेझर वायूचा असतो. काचेची लांब नळी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण, दोन टोकांना दोन आरसे. एक आरसा जवळपास सगळा प्रकाश परत पाठवतो, दुसरा थोडा बाहेर जाऊ देतो. नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की वायू पेटतो, म्हणजे ट्यूबलाइटसारखा उजळतो. इथपर्यंत त्याच्यात आणि ट्यूबलाइटमध्ये फारसा फरक नाही. फरक पुढे आहे, आणि तो मी घाटकोपर स्टेशनवर समजावतो.

२०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून आपण सगळे तो जिना उतरतोय. मेट्रो माणसं आणून वर सोडते. वर गर्दी साठते. खाली प्लॅटफॉर्म मोकळा असेल तर एक जण उतरायला लागतो, त्याच्या मागे दुसरा, मग सगळे एका पावलात, एका दिशेने, धडाधड खाली. तो लोंढा म्हणजे आपला लेझर. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. वर गर्दी जास्त हवी आणि खाली जागा मोकळी हवी. नळीतला नायट्रोजन मेट्रोचं काम करतो, विजेकडून मिळालेली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना वरच्या पायरीवर नेऊन सोडतो. हेलियम लोकल गाडीचं काम करतो, खाली उतरलेल्यांना उचलून प्लॅटफॉर्म मोकळा करतो, शिवाय आतली उष्णता काचेपर्यंत पोहोचवतो. लोकल रद्द झाली, प्लॅटफॉर्म भरला, की जिन्यावरचे लोक जागच्या जागी उभे राहतात. वर गर्दी आहे, मेट्रो येतेच आहे, पण उतरणं बंद. नळी गरम झाली की अगदी हेच होतं. वायू उजळलेला दिसतो, वीज खातो, आणि प्रकाशाचा झोत मात्र बाहेर पडत नाही.

अशा काचेच्या नळीत जेवढी वीज जाते तिच्या दहा भागांपैकी एखाद-दीड भागच लेझर होऊन बाहेर येतो. बाकी सगळी उष्णता. म्हणून नळीभोवती काचेचंच दुसरं आवरण असतं आणि त्यातून सतत पाणी फिरवावं लागतं. या यंत्राचं अर्धं आरोग्य पाण्यात आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा कार्बन डायऑक्साइडचा लेझर ज्याने शोधला तो माणूस बारामतीत जन्मला. चंद्रकुमार पटेल, जन्म १९३८. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९५८ मध्ये पदवी घेतली, अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली, आणि १९६४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये हा लेझर चालवून दाखवला. पहिला झोत अगदी क्षीण, मिलिवॅटच्या घरातला होता. नायट्रोजन मिसळला, मग हेलियम मिसळला, तसतशी ताकद वाढत काही वर्षांतच शंभर वॅटच्या पुढे गेली. १९९६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं. बारामती म्हटलं की आपल्याला दुसरीच नावं आठवतात. साकीनाक्याच्या कारागिरांना मी हे सांगतो तेव्हा आधी कोणाला खरं वाटत नाही, मग जो तो ते पुढच्या गाळ्यात जाऊन सांगतो.

बरं, आता यंत्र बंद पडलंय. मी काय करतो?

आधी हत्यारांची पेटी बंदच ठेवतो आणि बघतो. आणीबाणीचं लाल बटण कोणी दाबून ठेवलंय का? झाडू मारताना कोपर लागतं आणि ते आत जातं. असे फोन वर्षाला चार-पाच तरी येतात. मी बटण फिरवून बाहेर काढतो, यंत्र चालू होतं, मालक माझ्याकडे बघतो, मी मालकाकडे. येण्या-जाण्याचे पैसे घेतो. झाकण नीट लागलंय का? झाकणाखाली एक बारकं बटण असतं, झाकण उघडं असेल तर ते लेझर पेटूच देत नाही. पाणी फिरतंय का?

मग येते सगळ्यात कामाची गोष्ट. यंत्राच्या मागे उच्च दाब तयार करणारा डबा असतो, त्याला सगळे पॉवर सप्लायच म्हणतात. त्याच्यावर बहुतेक वेळा एक छोटं तपासणीचं बटण असतं. ते क्षणभर दाबलं की संगणक, पॅनेल, बाकीची सगळी साखळी बाजूला राहते आणि सप्लाय थेट ट्यूब पेटवतो. त्या क्षणी मी तीन ठिकाणी बघतो. ट्यूबमध्ये उजेड दिसला का, आणि कोणत्या रंगाचा? मिलिअँपिअरचा काटा हलला का? ट्यूबच्या तोंडासमोर, थोडं अंतर ठेवून लावलेल्या मास्किंग टेपवर डाग पडला का? टेप तोंडाला चिकटवायची नाही, तिचा धूर आरशावर बसतो आणि मग खरोखरच नवा बिघाड तयार होतो.

या तीन उत्तरांत बहुतेक सगळं येतं. उजेड नाही, काटा हलत नाही, तर सप्लाय किंवा त्याच्या तारा बघा, ट्यूबला अजून दोष देऊ नका. उजेड आहे, काटा हलतो, टेपवर डागही आहे, म्हणजे ट्यूब ठणठणीत आहे. पुढे आरशांत, लेन्समध्ये किंवा पेटवण्याचा हुकूम देणाऱ्या साखळीत घोळ आहे. उजेड आहे, काटा हलतो आणि डाग मात्र नाही, तेव्हा कुठे ट्यूबवर संशय घ्यायचा.

याच आठवड्यातलं उदाहरण देतो. आपल्या ब वर्गातल्या एका मैत्रिणीचा मुलुंडला गाळा आहे. नाव घेऊ नकोस म्हणाली आहे, पण ती दुसऱ्या रांगेत बसलीय आणि आत्ता खाली बघतेय. आज गुरुजनांना द्यायची सन्मानचिन्हं तिच्याकडे होती. सव्वीसपैकी नऊ कोरून झाली आणि यंत्र थांबलं. ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांनी फोनवरच निदान केलं, ट्यूब गेली, नवी आठ दिवसांत मिळेल. मेळाव्याला उरले होते चार दिवस. तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता, ट्यूबच्या पैशांपेक्षा बाईंच्या नावाची पाटी कोरी जाईल याचा.

मी गेलो. पॅनेलवरचं बटण दाबलं, काहीच नाही. सप्लायवरचं बटण दाबलं, ट्यूबमध्ये छान जांभळट-गुलाबी उजेड, काटा बारावर, टेपवर गोल डाग. म्हणजे ट्यूबला आणि सप्लायला काही झालं नव्हतं. हुकूम मध्येच कुठेतरी अडत होता. पाण्याच्या वाटेवर एक पहारेकरी असतो, पाण्याचा प्रवाह पुरेसा असेल तरच तो सप्लायला परवानगी देतो. पाणी दिसत होतं, पण करंगळीएवढी धार. चिलरचं झाकण उघडलं तर आत शेवाळ. तिच्या इस्टेटीत टँकरचं पाणी येतं आणि मदतनीस मुलगा दर आठवड्याला तेच भरत होता. जाळी चिकट हिरव्या गाळाने बंद झाली होती. पहारेकरी आपलं काम चोख करत होता, इतकंच.

याच मुलाला कोणीतरी सल्ला दिला होता की त्या पहारेकऱ्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाक, यंत्र चालू होईल. त्याने ते केलं नाही म्हणून मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. तारा जोडल्या असत्या तर यंत्र खरंच चालू झालं असतं आणि अपुऱ्या पाण्यात नळी तापून काच तडकली असती. मग "ट्यूब गेली" हे वाक्य खरं ठरलं असतं. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक आहे. मलाही आहे. पण सुरक्षेसाठी ठेवलेली गोष्ट बायपास करणं याला मी जुगाड म्हणत नाही.

जाळी धुतली, नळ्या धुतल्या, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणून भरले. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते आतल्या काचेवर थर धरतात, शिवाय असं पाणी वीज वाहून नेतं, हे उच्च दाबाच्या शेजारी बरं नव्हे. दोन तासांत यंत्र चालू झालं. उरलेली सतरा सन्मानचिन्हं रात्रीत कोरून झाली. थोड्या वेळाने ती हातात पडतील तेव्हा बघा, पहिल्या नवांमध्ये आणि नंतरच्या सतरांमध्ये फरक सापडणार नाही. तिने मला पैसे दिले आणि मी ते घेतले. शाळेतली कॅन्टीनची उधारी वेगळी, ती अजून बाकी आहे.

हे झालं हिवाळ्यातलं. माझा खरा हंगाम पावसाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये ही यंत्रं रात्रंदिवस चालतात. गणपती तोंडावर आलेले असतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून एमडीएफ आणि प्लायच्या मखरांचं काम बरंच वाढलं. आणि नेमकं याच दिवसांत यंत्रं पटापट पडतात. कारण पुस्तकात आहे. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पाण्याचं तापमान अठरा-वीस अंश ठेवा. जिथे ती लिहिली गेली तिथे ते बरोबरही असेल. पण आपल्याकडे भर पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या कोणत्याही थंड वस्तूवर पाणी जमायला लागतं. हॉटेलात थंड पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला की त्याला घाम फुटतो ना, तसा ट्यूबला फुटतो.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. काचेच्या नळीचं एक टोक वीस हजार व्होल्टच्या आसपास आहे आणि त्याच टोकावर दवबिंदू. वीज नळीतून जाण्याऐवजी ओल्या वाटेने बाहेरून उडी मारते. तडतड असा आवाज येतो, वीज पडून गेल्यावर येतो तसा ओझोनचा वास येतो. काटा वेडावाकडा नाचतो. दुसऱ्या टोकाला याहून वाईट प्रकार होतो. प्रकाश जिथून बाहेर पडतो त्या आरशावर थेंब बसतो, झोत त्या थेंबावर आदळतो, आरशाचा मुलामा भाजतो. नळी आतून सुंदर जांभळी दिसते आणि बाहेर काहीच येत नाही.

म्हणून जूनमध्ये मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवतो. चिलर सव्वीस-सत्तावीसवर ठेवा आणि ट्यूब पूर्ण ताकदीने हाणू नका, थोडा वेग कमी करा. गाळ्यात एसी असेल तर गोष्ट वेगळी. ठेवलेलं तापमान बरोबर आहे का हे कळायला उपकरण लागत नाही. चिलरमधून निघणाऱ्या पाइपवरून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर ट्यूबही ओली आहे. तडतड सुरू झालीच तर तिथल्या तिथे बंद करायचं, प्लग काढायचा, रात्रभर पंखा लावून सगळं सुकू द्यायचं. एक रात्र वाया गेली म्हणून गिऱ्हाईक चिडतं, चिडू द्या. मरोळच्या एका गाळेवाल्याने तशीच रेटून रात्रभर मखरं कापली, सकाळी सप्लायही गेला आणि ट्यूबही. ऐन हंगामात त्याला सगळी ऑर्डर शेजाऱ्याच्या यंत्रावर द्यावी लागली. भाडं त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

आणखी एक आपल्याकडचं दुखणं म्हणजे सनबोर्ड. पाट्यांच्या धंद्यात तो सर्रास वापरतात. सनबोर्ड हा पीव्हीसी असतो. लेझरने तो कापायला गेलं की त्यातून क्लोरीनयुक्त आम्लाचा धूर निघतो. तो कारागिराच्या छातीत जातो आणि यंत्राच्या आरशांवर, पट्ट्यांवर, स्क्रूंवर बसतो. काही महिन्यांत सगळं गंजतं, आरसे आंधळे होतात आणि फोन येतो, ट्यूब गेली. मी झाकण उघडतो, गंज बघतो आणि विचारतो, सनबोर्ड कापता ना? "नाही साहेब, कधीतरी एखादा." पोरांच्या खोकल्याबद्दल मात्र कोणी फोन करत नाही. सनबोर्ड ब्लेडने किंवा राउटरने कापावा. लेझरखाली घालू नये, एखादासुद्धा.

आरशांचं काम निघालं की मला आपल्या प्रयोगशाळेची आठवण येते. टाचण्या लावून आपाती किरण, परावर्तित किरण काढायचो. टाचणी हलली की कोन चुकायचा आणि सर वहीवर लाल शेरा मारायचे. तेच काम मी आजही करतो. ट्यूबमधून निघालेला झोत तीन आरशांवरून वळत लेन्सपर्यंत जातो. आरसा एक अंश वळला की किरण दोन अंश वळतो, म्हणजे मीटरभर अंतरावर साडेतीन सेंटिमीटर बाजूला. लेन्सचं तोंड त्याहून लहान. म्हणून स्क्रू केसभर फिरवायचा, टेपवर डाग बघायचा, पुन्हा केसभर. पलंग जवळ आणून एक डाग, लांब नेऊन दुसरा. दोन्ही एकमेकांवर बसले की झालं. यंत्र टेम्पोतून एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात हलवलं की हा घोळ होतोच. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा माझ्या पोटापाण्यात मोठा वाटा आहे. लेन्सचंही तसंच. ती धुराने मळते. पुसून परत बसवताना उलटी बसवली जाते, मग झोत नीट एकवटत नाही आणि कापणारा म्हणतो ट्यूब कमजोर झाली. फुगीर बाजू वर, झोत येतो त्या बाजूला. आणि ही लेन्स साध्या काचेची नसते, झिंक सेलेनाइडची असते, विषारी. फुटली तर तुकडे उघड्या हाताने उचलू नका.

खरोखर गेलेली ट्यूब कशी ओळखायची तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोणालाच मरू देत नाही. निरोगी ट्यूबचा उजेड जांभळट-गुलाबी असतो. वायू बिघडला की तो फिका, पांढुरका व्हायला लागतो. काटा हलतो, पाणी थंड आहे, आरसे स्वच्छ आहेत, आणि टेपवर डाग नाही किंवा अगदी पुसट आहे. तेव्हा मी हात जोडतो आणि नवी घ्या असं स्वच्छ सांगतो. हलकी ट्यूब हजार-दीड हजार तासांत थकते, चांगली कित्येक हजार तास चालते. स्वस्तात मिळाल्या म्हणून दोन-दोन घेऊन माळ्यावर ठेवणाऱ्यांनाही सांगतो, ट्यूब पडून राहिली तरी म्हातारी होते. बिस्किटाचा पुडा आणि ट्यूब, दोन्ही ताजीच घ्यावी.

कॉलेजात फिजिक्स प्रॅक्टिकलला ज्यांनी लाल लेझर पाहिला असेल तो बहुधा हेलियम-निऑनचा. हा सगळ्या वायू-लेझरांचा थोरला भाऊ. १२ डिसेंबर १९६० ला बेल लॅबमध्येच अली जावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा चालवला, अर्थात तेव्हा लाल नव्हे, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात. लाल रंग दोन वर्षांनी आला. त्याची तब्येत आणखी नाजूक. एका फेरीत प्रकाश दोन-चार टक्क्यांनीच वाढतो, त्यामुळे आरशावरची धूळ किंवा जरासा वाकलेला आरसा एवढंही त्याला पुरतं. आणि हेलियमचा अणू इतका बारीक की वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या नळीच्या काचेतून आणि सांध्यांतून तो हळूहळू निसटतो. आता बहुतेक कॉलेजांत त्याच्या जागी छोटे डायोड लेझर आलेत. स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत. पण त्या नळीतला तो नारिंगी उजेड पाहिल्यावर लेझर म्हणजे काय हे मुलांना जसं समजतं, तसं डायोडच्या काळ्या डबीतून समजत नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं ऐकून उद्या कोणी यंत्राचा मागचा पत्रा उघडून बसू नका. यातलं बघणं, वास घेणं, पाइपला बोट लावणं तुमचं. तारांना हात लावणं आमचं. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नसतं, सप्लायमध्ये भार साठून राहतो. एका गाळ्यात एकोणीस वर्षांच्या पोराने प्लग काढला आणि लगेच ट्यूबची लाल तार धरली. तो मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. वाचला. दोन बोटं भाजली. मी तिथे गेलो तर थ्री-पिनची अर्थिंगची पिन पकडीने तोडलेली, कारण ती सॉकेटमध्ये बसत नव्हती. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी अर्थिंग तपासतो. ती नसेल तर हत्यार काढत नाही, मालक कितीही घाईत असो. आधी वायरमन बोलवा, मग मी.

डोळ्यांचंही सांगतो. कार्बन डायऑक्साइडचा झोत दिसत नाही. साध्या ॲक्रिलिकच्या झाकणाने तो अडतो, म्हणून ते झाकण बंद ठेवा. कामाखाली चकचकीत स्टीलचा पत्रा ठेवून उघड्या झाकणाने कापणारे महाभाग मी पाहिलेत. तिथून परतलेला झोत डोळ्याच्या पारदर्शक पटलाला भाजतो. आपल्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मान हलवतायत, म्हणजे माझं बरोबर असावं.

वेळ संपत आली. एका प्रश्नाचं उत्तर देऊन थांबतो. तो आत येतानाच बाईंनी विचारला होता: "अरे, मग खरोखर गेलेल्या ट्यूबचं काय करतोस?"

बाई, बहुतेक भंगारात जातात. पण दोन मी ठेवल्यात. काचेच्या आरपार सगळं दिसतं: मधली वायूची नळी, तिच्याभोवतीचं पाण्याचं आवरण, बाहेरचा वायूचा साठा, आणि वायू परत फिरवणारी स्प्रिंगसारखी वळणावळणाची बारीक नळी. दोन्ही टोकांचे आरसेही जागेवर आहेत. त्यातली एक मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणली आहे, बाहेर लाकडी पेटीत आहे. आतला दाब हवेपेक्षा खूप कमी असतो, फुटली तर काच उडते, म्हणून पुढे जाड ॲक्रिलिक लावलंय. टोकांच्या तारा कापल्या आहेत, म्हणजे कोणी वीज जोडायचा प्रश्न नको. ॲक्रिलिक मुलुंडच्या गाळ्यातच कापून घेतलं, त्याचे तिने पैसे घेतले नाहीत. पेटी ठेवायला उजव्या भिंतीवरचं, खिडकीपासून लांबचं कपाट मिळालं तर बरं होईल, तिथे ओल येत नाही.